गाण्याखालचा आवाज

ग्राफिक्स कार्ड बदलावं की बदलू नये यावरून त्या जानेवारीत आम्हा दोघा भागीदारांची रोज जुंपायची. चिखलीत बस स्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं लग्नाच्या व्हिडिओच्या मिक्सिंगचं दुकान आहे. सकलैन कॅमेरा धरतो आणि मी, म्हणजे प्रसेनजित, कॉम्प्युटरवर बसतो. त्यानं आणलेलं शूटिंग मी कापतो, जोडतो, वर गाणी टाकतो आणि नवरानवरीच्या हातात तीन तासांचा सिनेमा देतो. सकलैन येण्याआधी ही दोन्ही कामं मी एकटाच करायचो.

कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी एक पाटी. पडद्यावर चित्र हलतं ते तिच्या जिवावर. आमची पाटी साडेपाच वर्षांची झाली होती. एक लग्न तिच्यात घातलं की दीड दिवस कुंथत बसायची, मधेच पडद्यावर हिरव्या रेघा मारायची आणि तापली की सगळंच बंद करून मोकळी व्हायची. मी टेबलफॅन उघड्या डब्यासमोर लावून ठेवला होता. दुकानात आलेली माणसं घामाघूम व्हायची आणि वारा खायचं कार्ड.

"नवीन पिढीचं आलं आहे बे," सकलैन म्हणायचा. "आता लोकाइले ड्रोन पाह्यजे, मोठ्या पडद्यावरचं चित्र पाह्यजे. तुह्या या खटाऱ्यावर थे उघडत बी नाही."

"अन् लग्नं कुठी आहेत?" मी विचारायचो.

त्या साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी आतून खाल्ली होती. बोंड वरून टणक दिसायचं आणि फोडलं की आत अळी निघायची. बियाण्याच्या पाकिटावरही नवीन पिढी असंच छापलेलं होतं, पण अळीला काही ते वाचता येत नव्हतं. आमच्याकडे कापूस घरात आला की लग्नाची बोलणी निघतात. त्या साली लोकांनी उभ्या कपाशीत गुरं सोडली होती. मुलींच्या बापांनी तारखा पुढच्या सालावर ढकलल्या आणि आम्ही माशा मारत बसलो.

माशा मारायला जुनं कार्ड पुरे होतं. पण आम्हाला कॉम्प्युटर विकणाऱ्या अकोल्याच्या शेठनं घाई लावली होती. जुनी मशीन आहे तशी, आतल्या डिस्कसकट द्या आणि नव्या कार्डाची मशीन घ्या, असा त्याचा सौदा होता. त्याची गाडी शनिवारी चिखलीत येणार होती. नवीन कार्डं मिळेनाशी झाली होती, कारण कुठे परदेशात लोक कॉम्प्युटरवर पैसे खणायला लागले होते आणि त्यासाठी कार्डं उचलत होते. हे मला सकलैननं तीनदा समजावून सांगितलं, मला तीनदाही कळलं नाही. इकडे खणून खणून विहिरीला पाणी लागत नाही आणि तिकडे कार्डातून पैसे निघतात म्हणे. तरी सोमवारी मी हो म्हणून टाकलं. हो म्हणालो ते पटलं म्हणून नाही, कंटाळलो म्हणून.

मंगळवारी सकाळी समता आली.

मी तिला लगेच ओळखलं. ओळखायला मेंदूला ताण द्यावा लागला नाही, कारण तिचं लग्न आमच्या दुकानात पाच वर्षं रोज लागायचं. २०१२ च्या मे महिन्यात वडनेर भोलजीला, तिच्या माहेरी, ते लग्न झालं. मी नवरदेवाच्या वऱ्हाडाबरोबर चिखलीहून गेलो होतो. त्याच आठवड्यात मी हे कार्ड घेतलं आणि त्याच्यावर सगळ्यात आधी हेच लग्न मिक्स केलं. इतकं झकास उतरलं की मी ते नमुना म्हणून ठेवलं. गिऱ्हाईक आलं की तेच लावायचो. बदामाच्या आकारात दोघांचे चेहरे, वरून गुलाबाच्या पाकळ्या, पांढऱ्या साडीत समता, पांढऱ्या सदऱ्यात दयाराम.

दयाराम अमडापूरच्या रस्त्यावरच्या एका गावचा. जमीन नाही, लोकांच्या शेतात मजुरी. बाजाराच्या दिवशी चिखलीत आला की हातातली पिशवी सावरत आमच्या दारात उभा राहायचा आणि पडद्यावर स्वतःला बघून हसायचा. आम्ही त्याला चिडवायचो, "काय नवरदेव, आज पुन्हा लगीन लावू का?" तोही काहीतरी उलट बोलायचा आणि जायचा. आदल्या सप्टेंबरात तो वारला. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळीच्या धसक्यानं लोक दोन-दोन औषधं एकत्र करून मारत होते. पाठीवर पंप घेऊन हा चार दिवस दुसऱ्याच्या कपाशीत फिरला. फवारा वर मारावा लागायचा आणि खाली यायचा तो याच्याच तोंडावर. पाचव्या दिवशी त्याला दिसेनासं झालं, आठव्या दिवशी दवाखान्यात तो संपला. मला हे कळलं तेव्हा मी दुकानातून तो नमुना काढून टाकला. नुसता पडद्यावरून काढला. मशीनमध्ये तो तसाच होता.

समतानं पिशवीतून डीव्हीडी काढून टेबलावर ठेवली. डबीवर दोघांचे फोटो होते, मीच चिकटवलेले.

"दादा, याच्यातलं गाणं काढून देता का?" ती म्हणाली.

"कोणतं गाणं?"

"सगळेच. गाणे काढले की खालून ह्याइचा आवाज निघन ना?"

ती ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातली नव्हती. सरळ सांगत गेली. दयारामकडे साधा बटणांचा फोन होता, त्यात कधी काही भरून ठेवलं नाही. पोरगी आता चार वर्षांची होईल. बापाचा फोटो ओळखते, पण बाबा कसे बोलत होते, असं विचारते. सासू भिमाबाई तिला बोलून दाखवते, पण म्हातारी बोलायला लागली की रडायलाच लागते.

"अन् मले बी आता नीट आठवत नाही," समता म्हणाली. "चार महिन्यात विसरली मी. असं कोणी विसरते का, दादा?"

मीही त्याच्याशी बाजाराच्या दिवशी इतक्यांदा बोललो होतो आणि त्या क्षणी मला त्याचा आवाज कितीही आठवला तरी आठवेना. हसणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

मिक्सिंग म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत माणसांचा आवाज ठेवत नाहीत. हळदीला एक गाणं, वरातीला एक, पंगतीला एक. माणसांचे ओठ हलतात, आई नवरीच्या गळ्यात पडून रडते, आणि वर बासरी नाहीतर सिनेमातलं गाणं वाजत असतं. लोकांना तसंच आवडतं. भांडी, पोरं, बँड, भटजीचं खोकणं, हा सगळा कचरा कोणाला हवा? मी मिक्सिंगला बसलो की सगळ्यात आधी आवाजाच्या पट्टीवर जायचो आणि ती बंद करायचो. झाडू मारून मग रांगोळी, तसं.

म्हणजे डीव्हीडीत दयारामचा आवाज खाली दबलेला नव्हता, तो तिथे नव्हताच. हे मी समताला समजावलं. तिनं मान हलवली आणि डीव्हीडी पुन्हा पिशवीत घालायला लागली. मला राहवलं नाही.

"थांबा ताई. कच्चं शूटिंग असंन कदाचित मशीनमध्ये," मी म्हणालो. "कॅसेटी तं दुसऱ्या लग्नाइले वापरल्या. पण तुमचं लगीन नमुना होतं ना, त्याचा कच्चा माल मी पुसला नसंन. त्याच्यात आवाज राह्यते."

"लग्नात प्रतिज्ञा झाल्या होत्या ना माइकवर," ती एकदम म्हणाली. "ह्याइनं पाचही म्हटल्या होत्या. पाठ करून आले होते."

मी स्वतः बौद्ध आहे. आमच्या लग्नात नवरदेवाला बोलावं लागतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. बाकीच्यांच्या लग्नात अंतरपाटामागे नवरदेव गुमान उभा राहिला तरी चालतं. आमच्यात त्रिशरण-पंचशील झालं की बौद्धाचार्य सांगतात आणि त्यांच्यामागून आधी नवरदेव, मग नवरी, एकमेकांना पाच-पाच वचनं देतात. मी माझ्या पत्नीचा सन्मान करीन. मी तिचा अपमान करणार नाही. असं सगळ्या गावासमोर, मोठ्यानं. लग्न लागतं ते त्या बोलण्यानं. आणि त्या बोलण्यावर मी सतारीचा एक तुकडा टाकला होता. सतार मला भारदस्त वाटायची.

गुरुवारी या, असं मी तिला सांगितलं. ती गेल्यावर सकलैन म्हणाला, "शनिवारी मशीन जाते, आठवते ना?"

"आठवते."

"अन् नवीन कार्डावर हे जुनं शूटिंग उघडन नाही."

तेही मला माहीत होतं. त्या कार्डाची ती खोडच होती. त्यानं जे भरून घेतलं ते त्याच्याच भाषेत, दुसऱ्या कोणापुढे तोंड उघडायचं नाही. त्याचं सॉफ्टवेअरही त्याच्यासोबतच चालायचं. म्हणजे दयारामचा आवाज कुठे असलाच तर तो या एका डब्यात होता, आणि हा डबा ज्या दिवशी अकोल्याला जाईल त्या दिवशी तोही जाणार होता.

"तं मंग नाही देत मशीन," मी म्हणालो.

सकलैन चिडला. "अबे, उद्या हे कार्ड आपोआप जळन. तेव्हा ना मशीन राह्यन, ना आवाज राह्यन, ना धंदा. गुरुवारपर्यंत शोध. सापडलं तं तिच्या फोनवर टाकून दे, नाही सापडलं तं सोड."

त्याचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

बुधवारचा सगळा दिवस मी त्या डब्यासमोर काढला. पंखा लावला, तरी कार्ड तासाभरात तापायचं. मग बंद करायचं, चहा प्यायचा, पुन्हा लावायचं. शूटिंगच्या तुकड्यांना मी तेव्हा नावंही दिली नव्हती, नुसते आकडे. एकात पंगत निघाली. एकात वऱ्हाडाचा टेम्पो. एक तुकडा अर्धा उघडून हिरव्या रेघांत बुडाला. बरेचसे तर मी कधीतरी जागा करायला पुसलेच होते. स्वतःला इतक्या शिव्या मी कधी घातल्या नव्हत्या. संध्याकाळी एक तुकडा मिळाला. पहिल्याच चित्रात मेणबत्त्या, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि पुढे दोघं हात जोडून उभे. मी तिथेच थांबवला. आवाजाची पट्टी बंद होती, मी ती चालू केली. पट्टीवर उंच-सखल रेघा दिसल्या. म्हणजे आवाज होता.

मी तो ऐकला नाही. का ऐकला नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिच्या आधी आपण ऐकू नये, असं वाटलं. मी सकलैनला हाक मारली आणि रेघा दाखवल्या. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी गल्लीच्या तोंडावर जाऊन भजी खाल्ली आणि कार्डावरून भांडलो नाही. मला वाटलं, आपल्या हातून आयुष्यात एक तरी नीट काम होणार.

गुरुवारी समता अकराच्या एसटीनं आली. तिनं धुतलेली साडी नेसली होती, केस विंचरून बांधले होते. कोणाला भेटायला जावं तशी ती आली होती. भावानं दिलेला फोन तिनं आधीच काढून हातात धरला होता.

"पोरीले नाही आणलं," ती म्हणाली. "म्हटलं आधी मी ऐकते."

सकलैननं तिला खुर्ची दिली. मी स्पीकरचा आवाज वाढवला आणि तुकडा सुरू केला.

आधी जनरेटर ऐकू आला. त्या दिवशी वीज नव्हती, हे मी विसरलो होतो. मग पोरांचा गलका. पडद्यावर बौद्धाचार्य काहीतरी सांगत होते, लांबून आल्यासारखं. आणि मग एक आवाज आला, स्वच्छ, भरदार, कानाजवळ बोलल्यासारखा.

"हालो! हाव शेठ, बोला. ऐकू येऊन राह्यलं. हाव, तेच कार्ड पाह्यजे, नवीन पिढीचं."

तो माझा आवाज होता.

कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यावरच असतो आणि कॅमेऱ्यामागे मी होतो. शूटिंग करताना आम्ही सगळे बोलतो. गप्पा मारतो, फोन घेतो, पोरांना ओरडतो, पंगत कधी बसणार ते विचारतो. गप्प कोण राहतो? आवाज तर नंतर काढूनच टाकायचा असतो. या धंद्यातल्या सगळ्यांची ती सवय आहे. ती माझीही होती, तिचं कधी कोणाला वाईट वाटलं नव्हतं.

पडद्यावर दयारामचे ओठ हलायला लागले. पहिली प्रतिज्ञा. मी म्हणत होतो, "जुनं लय हळू चालते हो. एक लगीन दोन दिवस घेते." दुसरी प्रतिज्ञा. मी म्हणत होतो, "नाही नाही, हे घेतलं की मंग पाच-सहा वर्षं पाहाच लागत नाही." जनरेटरच्या आणि माझ्या मधून त्याचा आवाज कुठेतरी येत होता, भिंतीपलीकडे कोणी बोलावं तसा. शब्द एकही लागत नव्हता. तिसऱ्या प्रतिज्ञेला मी हसलो. कशाला हसलो कोण जाणे, शेठनं काहीतरी विनोद केला असणार. केवढ्यानं हसलो!

सकलैन उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मला पडद्याकडे बघवेना आणि समताकडेही बघवेना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तुकडा बंद करावा म्हणून मी हात पुढे केला तर ती म्हणाली, "राहू द्या."

चौथ्या प्रतिज्ञेच्या आधी माझा फोन संपला होता. जनरेटरचा आवाज एकदम खाली आला आणि मांडवातला माइक बंद पडला. बौद्धाचार्य माइकवर टिचक्या मारायला लागले. दयारामनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं, म्हणजे माझ्याकडे. दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला,

"भाऊ, जोरात म्हणू का?"

स्पष्ट. एकेक अक्षर स्पष्ट. थोडा घोगरा, थोडा लाजलेला आवाज. तोच तो. बाजाराच्या दिवशी दारातून यायचा तोच. ऐकल्याबरोबर मला सगळा आठवला.

आणि त्याच्यामागून लगेच मी. "कायले बावा? आवाज तं काढूनच टाकतो ना आपण. वरून मस्त गाणं टाकतो. तू फक्त ओठ हलव."

दयाराम हसला, मान हलवली आणि मागे गेला. चौथी आणि पाचवी प्रतिज्ञा त्यानं ओठ हलवून म्हटली. माइक नव्हता. पुढच्या चार माणसांनाही ऐकू गेलं नसेल. मग पाकळ्या पडल्या आणि तुकडा संपला.

"मले आठवते," समता म्हणाली. "तुम्ही फोनवर बोलून राह्यले होते. आम्ही दोघंही मंग लय हसलो होतो तुमच्यावर. हे म्हणे, फोटोवाल्याचं लगीन आहे का आपलं?"

"ताई, मले माफ करा."

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

मी पुन्हा लावलं. पाच वेळा लावलं. ती पडद्याकडे बघतही नव्हती, खाली फरशीकडे बघून ऐकत होती. सहाव्या वेळी पडद्यावर हिरव्या रेघा आल्या, पण आवाज आला.

"चौथी कोणती होती?" तिनं विचारलं.

"घरातले सगळे अधिकार पत्नीच्या हाती देईन," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. "दिले म्हणा."

मग तिनं फोन पुढे केला. "एवढंच द्या मले. तुमचं काढून."

हे काम मला येत होतं. आयुष्यभर मी लोकांचे आवाज काढले, त्या दिवशी स्वतःचा काढला. आधीचा फोन कापला, नंतरचं उत्तर कापलं. मधे राहिले ते चार शब्द. तेवढ्यासाठी तिच्या फोनमध्ये जागा करायचीही गरज पडली नाही. तिनं ते एकदा कानाला लावून ऐकलं आणि फोन पदरात गुंडाळला.

"काही लागते का याचं?" तिनं विचारलं. मी हात जोडले. ती साडेबाराच्या एसटीनं परत गेली.

सकलैन आत आला. त्यानं बाहेरून सगळं ऐकलं होतं. यावेळी त्याचा आवाज खाली होता.

"मंग? शनिवारचं काय सांगू शेठले?"

मी त्या डब्याकडे बघितलं. त्यात ठेवण्यासारखं होतं काय? माझा फोन, माझं हसणं. हा शेठही तोच होता, ज्याच्याशी मी त्या दिवशी मांडवात उभा राहून बोलत होतो. "देऊन टाक," मी म्हणालो. निर्णय असा झाला. इतके दिवस ज्यावरून भांडलो तो प्रश्न चहाचा कप विसळावा इतक्या सहज संपला.

नवीन मशीन आली. नवीन कार्ड खरंच वाऱ्यासारखं चालतं, दीड दिवसाचं काम तासात करतं आणि मग दिवसभर रिकामं बसतं. त्या उन्हाळ्यात आम्हाला मोजकीच लग्नं मिळाली. मी सकलैनला एक सांगितलं होतं, शूटिंग करताना तोंड बंद ठेवायचं, फोन खिशात. त्यानं ते मनापासून पाळलं. एप्रिलमध्ये खामगावकडच्या एका लग्नाचा व्हिडिओ मी सगळ्या आवाजांसकट बनवला. मुलीच्या बापाचं रडणं, आत्याबाईचं ओरडणं, मंगलाष्टकात मधेच अडखळलेला भटजी, सगळं ठेवलं. मला वाटलं, लोक खूश होतील.

चौथ्या दिवशी नवरदेवाचा काका रामराव व्हिडिओ घेऊन परत आला. "हा काय गोंगाट आहे हो?" तो म्हणाला. "गाणे कुठी आहेत? पैसे पूर्ण घेतले अन् काम अर्धंच?"

मी त्याला समजावलं. उद्या कोणी घरातलं राहिलं नाही तर आवाज तरी राहील, असं म्हणालो. तो माझ्यावर भडकला. लग्नाच्या कामात असं अभद्र बोलता का, म्हणाला. दुसऱ्या दुकानात जाईन, असंही म्हणाला, आणि त्या साली गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलेलं आम्हाला परवडणार नव्हतं. सकलैन माझ्याकडे बघत होता. मी आवाजाच्या पट्टीवर गेलो आणि ती बंद केली.

त्या लग्नावर गाणी टाकत बसलो होतो, तेव्हा समताचा फोन आला. मी कामाची विचारपूस केली, भिमाबाईची केली. ती मजुरीला जात होती.

"दादा, पोरगी दिवसभर थेच लावते," ती म्हणाली. "मले रोज इचारे, बाबानं त्या मानसाले इचारलं, मंग थो मानूस काय म्हणे? म्या लय दिवस टाळलं. काल सांगून टाकलं, थो हाव म्हणे म्हणून."

"बरं केलं, ताई."

"बरं कायचं? आता इचारते, मंग बाबा जोरात काऊन नाही बोलले?"

समोर पडद्यावर त्या नवरदेवाचे ओठ हलत होते, चित्र काचेसारखं लख्ख होतं, एकही रेघ नव्हती. फोनमध्ये मागून पोरीनं पुन्हा ते लावलं. दयारामनं विचारलं, "भाऊ, जोरात म्हणू का?"

"म्हण, बावा," मी म्हणालो.

"काय म्हणता, दादा?" समतानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.